चौथी जागा

ऐपत असूनही मोटार न घेणे, हा कंजूषपणा की विवेक? आमच्या वसईत हा प्रश्न आता घरोघरी उभा राहिला आहे.

मोटार बाळगणे हे पाप नव्हे. आजारी आईला मध्यरात्री इस्पितळात न्यायचे असते, तेव्हा दारातली गाडी ही कृपाच वाटते. परंतु रोजच्या वाटेवर एकटा माणूस मोटार नेतो, तेव्हा तो पन्नास जणांच्या बसची वाट अडवतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात, एकदोन माणसांसाठी धावणाऱ्या अशाच मोटारींकडे बोट दाखविले होते.

याहून सूक्ष्म हानी निराळीच आहे. आपण बस सोडली, की तिच्याविषयी तक्रार करणेही सोडतो. ज्यांच्या शब्दाला वजन आहे ते निघून जातात. थांब्यावर उरतात घरकाम करणारी बाई, विद्यार्थी आणि काठी टेकणारे आजोबा. त्यांची बस उशिरा आली, तर त्यात आपला काहीच वाटा नाही काय?

विरारहून मुंबईकडे लोकल १८६७ पासून धावते. तिच्यात तिघांच्या बाकावर चौथ्याला 'जरा सरका' म्हणण्याचा अलिखित हक्क असतो. अंग चोरून, कधी कुरकुरत, आपण सरकतो. मोटारीत कुणासाठी सरकावे लागत नाही. आणि हळूहळू सरकण्याची सवयच मोडते.

म्हणून गरजेला मोटार जरूर असावी. पण जिथे बस जाते, तिथे आपणही थांब्यावर उभे राहावे. शेजारी कोण, हे तिथेच कळते.