पथ्य कोणाचे?

दिवाळीच्या फराळाचे ताट घरभर फिरते आणि दुबळ्या हृदयाच्या आजोबांपाशी येऊन अडखळते. चकली द्यावी की नाही? प्रश्न लहान दिसतो. पण तो नीतीचा आहे.

मीठ शरीरात पाणी धरून ठेवते. मग पाय सुजतात, रात्री उशा वाढवाव्या लागतात. दोनतीन दिवसांत वजन 2 किलोंनी चढले, तर डॉक्टरांना कळवावेच लागते. हे ज्ञान घरात हवेच. पण सून वजन लिहिते, मुलगा गोळ्या मोजतो, आणि ज्याचे हृदय त्याला मात्र कोणी विचारीत नाही! 2007 च्या कायद्याने आईवडिलांच्या अन्नवस्त्राची व औषधोपचाराची जबाबदारी मुलांवर टाकली. त्यांच्या इच्छेचा ताबा काही दिला नाही.

कोणी म्हणेल, त्या इच्छेपायी जीवच गेला तर? भीती खरी आहे. म्हणूनच धोका नीट समजावून सांगावा, वजनाची वही त्यांच्याच हाती द्यावी आणि सगळ्या घराच्याच फराळात मीठ कमी घालावे. एकट्यावर लादलेले पथ्य शिक्षेसारखे वाटते. एवढे कळूनही त्यांनी अर्धी चकली मागितली, तर ती द्यावी; आणि उद्या सकाळी वजन पाहताना त्यांच्याजवळ उभे राहावे.