दोन घरे आणि एक चोखणी

नीतिशास्त्राच्या ग्रंथांत मोठमोठ्या प्रश्नांचा ऊहापोह सापडतो. राजाने युद्ध करावे की नाही, दिलेला शब्द मोडावा की नाही, एकाच्या प्राणासाठी दुसऱ्याचा प्राण पणास लावावा की नाही, असे प्रसंग तेथे पानोपानी भेटतात. सामान्य गृहस्थाच्या आयुष्यात असले प्रसंग क्वचितच येतात. त्याच्या विवेकाची कसोटी लागते ती क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टींत, आणि त्या क्षुल्लक दिसतात म्हणूनच तो त्या विचार न करता उरकून टाकतो. अशीच एक गोष्ट आज आम्ही वाचकांपुढे मांडणार आहोत. ती म्हणजे लहान मुलांच्या तोंडात द्यावयाची रबरी चोखणी. विषयाचे नाव ऐकून कोणास हसू आले तर त्याने खुशाल हसावे. परंतु ज्या घरातून आईबाप दोघेही नोकरीस जातात आणि दीड वर्षाचे मूल सकाळी नवापासून सायंकाळी सहापर्यंत पाळणाघरात असते, त्या घरात या एवढ्याशा वस्तूपायी किती मने दुखावतात हे ज्यांस ठाऊक आहे, ते हसणार नाहीत.

प्रसंग साधारणपणे असा असतो. घरी आईने ठरविलेले असते की चोखणी आता सोडवावयाची. पाळणाघरात मात्र दुपारी मूल तिच्यावाचून डोळा मिटत नाही, म्हणून तेथील मावशी ती देतात. किंवा याच्या अगदी उलट. पाळणाघराचा नियम असा की चोखणी उंबऱ्याबाहेर. आणि रात्री थकलेभागले आईबाप ती निमूटपणे मुलाच्या तोंडात ठेवतात. दोन्ही पक्षांचा हेतू चांगला, दोन्ही पक्षांस मुलाची माया आहे. आणि तरीही प्रत्येकास वाटते की आपण घालून दिलेली घडी दुसरा विस्कटतो. येथे तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. चोखणी देणे मुळात योग्य काय? दोन ठिकाणी दोन नियम असले तर मुलाचे अहित होते काय? आणि शेवटचा शब्द कोणाचा?

पहिल्या प्रश्नास वैद्यकाने परस्पर उत्तर दिले असते तर आम्हांस लेखणी उचलण्याचे कारण पडले नसते. परंतु वैद्यकाचे म्हणणे सरळ एका दिशेचे नाही. आज दिसते तशा चोखणीच्या आकृतीचे पेटंट न्यूयॉर्कच्या ख्रिश्चन माइनेके नावाच्या औषधविक्रेत्याने १९०० साली घेतले. त्यापूर्वी युरोपात फडक्यात साखर किंवा पाव बांधून ती पुरचुंडी मुलास चोखावयास देत. १९८९ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी स्तनपानासंबंधी जी दहा सूत्रे सांगितली, त्यांत अंगावर पिणाऱ्या मुलास चोखणी देऊ नये असे एक सूत्र होते. २०१८ साली ती सूत्रे सुधारली तेव्हा सरसकट निषेधाऐवजी आईस तिच्या धोक्यांची नीट कल्पना द्यावी, एवढ्यावर भर आला. उलटपक्षी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००५ साली असे सांगितले की निजतेवेळी चोखणी दिल्याने तान्ह्या मुलांच्या झोपेतील आकस्मिक मृत्यूचा धोका कमी होतो. फिनलंडमधील संशोधकांनी १९९५ साली पाळणाघरांतील मुलांचाच अभ्यास केला व चोखणीमुळे वारंवार कान फुटण्याचा धोका वाढतो असे दाखविले. त्यांच्याच २००० सालच्या अभ्यासात, सहा महिन्यांनंतर चोखणी निजण्यापुरती ठेवण्याचा सल्ला दिल्यास कानाचे दुखणे घटते, असे आढळले. दंतवैद्य म्हणतात की तीन वर्षांपुढे ही सवय राहिली तर पुढचे दात व जबडा यांची ठेवण बिघडण्याचा संभव असतो.

या साऱ्याचा मेळ घातला तर निष्पन्न होते ते इतकेच की, तान्हेपणी निजण्यापुरती चोखणी क्षम्य, किंबहुना कधी हितकर. पुढे ती हळूहळू कमी करावी. आणि तीन वर्षांच्या आत तिला निरोप द्यावा. म्हणजे दीड-दोन वर्षांचे मूल नेमके मधल्या प्रदेशात पडते. तेथे वैद्यक सीमा दाखविते, पण वाट दाखवीत नाही. ती वाट विवेकाने शोधावी लागते.

आमच्या मते या शोधात विचारावयाचा पहिला प्रश्न हा की, चोखणीने समाधान कोणाचे होते? मुलाचे की आपले? रडणे ही मुलाची एकमेव अर्जी आहे. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, अशी म्हण आपल्याकडे उगाच पडलेली नाही. अर्जी ऐकून तिचा निकाल करणे निराळे आणि अर्जदाराचे तोंड बंद करणे निराळे. हा भेद किती भयंकर होऊ शकतो हे मुंबईच्या इतिहासाने दाखविले आहे. गिरण्यांतील स्त्रीकामगारांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या डॉक्टरबाईंनी १९२१-२२ च्या सुमारास जी माहिती गोळा केली, तीत कामावर जाणाऱ्या आया मुलांना अफूची बाळगोळी देऊन निजवितात, ही गोष्ट ठळकपणे पुढे आली. त्या आया दुष्ट होत्या असे कोण म्हणेल? पोटासाठी साच्यावर उभे राहावयाचे आणि मूल सांभाळावयास कोणी नाही, अशा पेचात त्या सापडल्या होत्या. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने, पन्नासांहून अधिक स्त्रिया कामास असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघराची सोय करणे मालकांवर बंधनकारक केले. अफूच्या गोळीस खरे उत्तर उपदेशाचे नव्हते. ते मूल सांभाळणाऱ्या माणसाचे होते.

चोखणी ही अफू नव्हे. दोहोंस एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. परंतु दोहोंच्या मागे उभी असलेली गरज एकच आहे, आणि म्हणून सावधगिरीही एकच हवी. निजताना मूल स्वतः चोखणी शोधते, दोन मिनिटांत शांत होते, आणि झोप लागली की ती आपोआप गळून पडते. येथे चोखणी हे मुलाचे साधन आहे. डी. डब्ल्यू. विनिकट या इंग्रज बालवैद्याने १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात असे दाखविले की, आईपासून वेगळे होण्याच्या काळात मूल एखादे फडके, एखादी बाहुली जवळ धरते आणि तिच्या आधाराने हा अवघड प्रवास करते. आईच्या पदराचे टोक मुठीत धरून निजणारी मुले आपण सर्वांनीच पाहिली आहेत. पण मूल खेळता खेळता पडले, भुकेले, त्याचे खेळणे कोणी हिसकावले, आणि प्रत्येक वेळी कारण न विचारता तोंडात चोखणी कोंबली, तर ते साधन मुलाचे राहत नाही, आपले होते. शिवाय ज्या वयात शब्द फुटावयाचे, त्याच वयात तोंडास दिवसभर बूच लावून आपण मुलाच्या बोलण्याची संधीच हिरावून घेतो. तेव्हा कसोटी ही की, चोखणी देण्यापूर्वी कोणी मुलाकडे पाहिले काय? पाहिले असेल तर ती सांत्वना. न पाहता दिली तर ती निव्वळ बंदोबस्त.

आता दुसरा प्रश्न. सर्वसाधारण समज असा की घर व पाळणाघर यांचे नियम तंतोतंत एक असावेत, नाहीतर मूल गोंधळते. हे मत आम्हांस पूर्णांशाने मान्य नाही. आपल्याकडील मुले पिढ्यान् पिढ्या दोन घरांत वाढली आहेत. आजोळी उशिरा उठणे चालते, घरी चालत नाही. आजी हाताने भरविते, आई स्वतः जेवावयास लावते. हे मुलास कळते, आणि लवकर कळते. स्थळ बदलले की रीत बदलते, ही गोष्ट दोन वर्षांच्या मुलाच्या बुद्धीस झेपणारी आहे. त्यास झेपत नाही ती एकाच स्थळाची चंचलता. आज मागितली तर मिळाली, उद्या मागितली तर रागे भरले, परवा रडून आकांत केला तेव्हा पुन्हा मिळाली. या क्रमातून मूल एवढेच शिकते की निर्णय नियमाने होत नसून आरडाओरड्याने होतो.

यावर कोणी म्हणेल की, मग घरी दिवसभर चोखणी आणि पाळणाघरात मुळीच नाही, असे चालेल काय? नाही, कारण येथे फरक रीतीचा न राहता आधाराचा होतो. आईची पाठ वळली त्याच क्षणी, परक्या जागी, सवयीची वस्तूही काढून घेणे म्हणजे एका वियोगात दुसरा वियोग मिळविणे होय. दोन्ही ठिकाणच्या रीतींत अंतर असावे, पण दरी नसावी. उदाहरणार्थ, निजतेवेळी दोन्हीकडे चोखणी असावी. जागेपणी पाळणाघरात ती डबीत राहावी, आणि घरी क्वचित मिळाली तरी हरकत नसावी. डबी स्वच्छ, चोखणीवर नाव, एकाची दुसऱ्याच्या तोंडात न जाणे, आणि ती दोऱ्याने गळ्यात कधीही न अडकविणे, ही पथ्ये मात्र दोन्ही घरी सारखीच असली पाहिजेत. कारण ती रीतीची नसून जिवाच्या रक्षणाची आहेत.

तिसरा प्रश्न अधिकाराचा, आणि खरी कटुता येथेच उत्पन्न होते. मूल आईबापांचे, तेव्हा शब्दही त्यांचाच, असे म्हणणे सोपे आहे. परंतु ज्या मावशींच्या भोवती एकाच वेळी आठदहा मुले असतात, त्यांस आपण सांगतो की आमच्या मुलास चोखणी देऊ नका, त्यास मांडीवर थोपटून निजवा. आणि थोपटण्यास लागणारा अर्धा तास कोठून आणावयाचा हे आपण सांगत नाही. तो अर्धा तास उरलेल्या मुलांच्या वाट्यातून आणि मावशींच्या पाठीतून निघतो. तत्त्व आपले आणि किंमत दुसऱ्याची, हा व्यवहार कोणत्याही नीतीत बसत नाही. ज्यास अधिक काळजीपूर्वक संगोपन हवे, त्याने अधिक माणसांचे वेतन देण्यासही तयार असावे. निदान घरच्या सुटीच्या चार दिवसांत नवी सवय स्वतः लावून मग ती पाळणाघराकडे सोपवावी.

आमच्या मते विभागणी अशी असावी. चोखणी केव्हा सुटावी हे आईबापांनी ठरवावे, कारण मुलाच्या पुढील आयुष्याची जबाबदारी त्यांची आहे. त्या ध्येयाकडे दिवसाच्या त्या नऊ तासांत कोणत्या पावलांनी जावयाचे, हे मावशींनी ठरवावे, कारण ते तास प्रत्यक्ष त्या पाहतात. आणि दोघांवरही एक बंधन समान आहे, ते सत्याचे. आईचे मन राखण्यासाठी ‘आज मागितलीच नाही’ असे सांगणाऱ्या मावशी, आणि रात्रभर चोखणी देऊन ‘घरी तर केव्हाच सुटली’ असे सांगणारी आई, दोघीही सौजन्याने वागतात असे वाटते; परंतु त्यांच्या सौजन्याचा भुर्दंड ज्यास पडतो त्यास बोलता येत नाही. दोन प्रौढ माणसांतील लहानसहान असत्य बहुधा उघडकीस येते, कारण फसविलेला साक्ष देतो. येथे मूल साक्ष देऊ शकत नाही. म्हणूनच हे असत्य लहान दिसले तरी लहान नव्हे. दुपारी किती झोप झाली, चोखणी कितीदा दिली, कशासाठी दिली, एवढे चार शब्द सायंकाळी मूल हाती देताना दोषारोपाची भीती न बाळगता बोलता आले, तर अर्धा प्रश्न तेथेच सुटेल. त्यासाठी ऐकणाऱ्यानेही खरे ऐकण्याची तयारी ठेवली पाहिजे. ज्या आईच्या कपाळावर खऱ्या उत्तराने आठी पडते, तिला पुढे खरे उत्तर मिळत नाही.

शेवटी निरोपाविषयी दोन शब्द. मुलाचे अंगावरचे पिणे तोडण्यासाठी कोरफड किंवा कडुनिंब लावण्याची युक्ती आपल्याकडे जुनी आहे, आणि चोखणीवरही तीच योजणारे पुष्कळ आहेत. युक्ती सफल होते हे खरे. परंतु ज्या वस्तूवर मुलाने विश्वास टाकला, ती एके दिवशी कोणतेही कारण न कळता कडू व्हावी, यात त्यास काय शिकावयास मिळते? डेन्मार्कमध्ये बहुतेक मुले लहानपणापासून पाळणाघरांत जातात. तेथे कोपनहेगनच्या फ्रेडरिक्सबर्ग उद्यानात एका झाडावर मुले आपल्या चोखण्या बांधून ठेवतात, आणि तेथून घरी जातात. अडीच वर्षांच्या मुलास निरोप म्हणजे काय हे कळू शकते, असे मानणारी ही रीत आम्हांस अधिक सभ्य वाटते. झाड नसले तरी चालेल. अमुक दिवशी ही ठेवून द्यावयाची, असे घरी व पाळणाघरी त्यास एकाच शब्दांत सांगितले, आणि त्या दिवशी रडू आले तर त्यास रडू दिले व जवळ बसले, म्हणजे पुरे.

त्या रात्री कदाचित कोणासच झोप मिळणार नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आईने मावशींस ती हकीकत जशीच्या तशी सांगितली, आणि दुपारी मावशींनी थोडा अधिक वेळ त्या मुलाची पाठ थोपटली, तर मुलाने एका दिवसात जे गमावले त्याहून अधिक मिळविले असे आम्ही म्हणू. ज्या दोन माणसांवर त्याचे जग उभे आहे, ती एकमेकांशी खरे बोलतात, हे त्यास शब्दांवाचून कळते. आणि चोखणीहून टिकाऊ असा हाच आधार आहे.