चांगला मुलगा, चांगला नागरिक



घरभेटीला गेलो की एक वाक्य हमखास ऐकू येते : "फादर, आमचा मुलगा अगदी सरळ. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही." आईबापांचे समाधान आम्ही समजू शकतो. पण हा सद्गुण आहे का? प्रभूच्या दाखल्यातील याजक आणि लेवी हेही जखमी माणसाच्या अध्यात ना मध्यात होते.

चांगला माणूस आणि चांगला नागरिक एकच का, असा प्रश्न अॅरिस्टॉटलने 'पॉलिटिक्स' या ग्रंथात विचारला आहे. त्याच्या मते नागरिकाला आज्ञा पाळता यावी आणि कारभारही करता यावा. आपण मुलांना पहिली गोष्ट शिकवतो. दुसरी मात्र मतदार यादीत नाव आले की आपोआप यावी, अशी आपली अपेक्षा! घरे बांधूनच माणूस गवंडी होतो, हेही त्यानेच सांगितले आहे.

महाराष्ट्रात ग्रामसभेच्या गणपूर्तीला 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी कमी असेल तेवढी संख्या पुरते. तरी सभा तहकूब होतात. अठरा पूर्ण झालेल्या मुला-मुलीला आपण तिथे बरोबर नेतो का? अंदाजपत्रक वाचणे, अर्ज देऊन पोच घेणे, 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली माहिती मागणे ही कामे एकदा केली की जमतात. समोरच्याचे न पटणारे म्हणणे शेवटपर्यंत ऐकणे मात्र वर्षानुवर्षे शिकावे लागते. (पॅरिश कौन्सिलमध्ये बसलेल्यांना हे सांगायला नकोच.)

"राजकारण घाणेरडे, देवळाने त्यात पडू नये," असे कुणी म्हणेल. धर्मगुरूने पक्षाचा झेंडा घेऊ नये, हे खरेच. पण युवकांना नागरी व राजकीय शिक्षण देणे अत्यंत गरजेचे आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 सालीच सांगून ठेवले आहे.

आपली मुले आखातात, कॅनडात जातात. तिथे त्यांना परके लेखू नये, असे आपल्याला वाटते. मग आपल्याच चाळीत भाड्याने राहणाऱ्या परप्रांतीय कुटुंबाला पाणी मिळते की नाही, हे सभेत कोण विचारणार? जगाचे नागरिकत्व इथूनच सुरू होते.

आपल्या देवळात सणाला खुर्च्या मांडायला युवक हवे असतात, हिशेबाला मात्र नकोत. प्रत्येक धर्मग्रामात अर्थ समिती असावी, असे धर्मसभेचा कायदा सांगतो. तिच्या पुढच्या बैठकीत एका युवकाला व एका युवतीला बसवण्याचा आमचा विचार आहे. त्यांनी वहीवर बोट ठेवून प्रश्न विचारला, तर वडीलधाऱ्यांनी रागावू नये.