अनोळखी माणसाशी घासाघीस

२००६ च्या उन्हाळ्यात पाठीवर पिशवी टाकून मी इंदूरहून माळवा एक्सप्रेसने जम्मूला गेलो आणि तेथून बसने श्रीनगरला. (चिनाबवरील ३५९ मीटर उंच पुलावरून कटरा-श्रीनगर आगगाडी सुरू झाली ती २०२५ साली.) दल सरोवरात शिकारावाल्याचे भाडे मी भांडून निम्म्यावर आणले. तो काही न बोलता वल्हवीत राहिला. काटकसर हा आपल्या घरांतला सद्गुण खरा. पण ती स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन करायची, की दुसऱ्याच्या?

परतल्यावर सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाताना ही हकीकत मी मित्रांना फुशारकीने सांगितली. दुकानदाराला मात्र त्याने सांगितले तितके पैसे मुकाट्याने दिले. तो उद्या पुन्हा भेटणार होता ना!