बारा वर्षांचा येशू आणि आपली बारावीची मुले



बारावीचा निकाल लागला की आपल्या धर्मग्रामात दोन प्रकारची घरे दिसू लागतात. एका घरातून पेढ्यांचा डबा फादरांकडे येतो. दुसऱ्या घरातले कोणी पुढचे दोन-तीन रविवार मिस्साला दिसत नाही. पेढे आणणाऱ्यांचे मनापासून अभिनंदन. न दिसणाऱ्यांनीही आता यावे. चर्चच्या दारात कोणी मार्कशीट विचारत नाही.

संत लूकने येशूच्या बालपणातला एकच मोठा प्रसंग सांगितला आहे, आणि त्या वेळी येशू बारा वर्षांचा होता. पवित्र कुटुंबाच्या सणाला काही वर्षी हे वाचन आपण ऐकतो. वल्हांडणाचा सण आटोपून योसेफ आणि मरीया यरुशलेमहून परत निघाले. मुलगा सोबतच्या लोकांत, नातेवाईकांत असेल असे समजून ते दिवसभर चालत राहिले. संध्याकाळी शोधले तर तो कोठेच नाही. मग उलट फिरले, आणि तीन दिवसांनी तो मंदिरात सापडला. गुरुजनांच्या मध्ये बसला होता, त्यांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारत होता.

हा प्रसंग वाचताना माझे लक्ष नेहमी त्या पहिल्या दिवसाकडे जाते. जगातल्या सर्वांत चांगल्या आईवडिलांचाही एक दिवस 'सोबत असेलच' या समजुतीत गेला. आपलेही असेच होते. मुलाला पुण्याच्या रेल्वेत बसवून दिले, हॉस्टेलची फी भरली, मोबाईल घेऊन दिला, रोज रात्री 'जेवलास का' विचारले, आणि आपण निश्चिंत झालो. मुलगा कधी मागे राहिला ते कळतच नाही.

एका मुलाची गोष्ट सांगतो. नाव सांगणार नाही, त्याचे कॉलेजही सांगणार नाही. हे त्याने प्रायश्चित्त संस्कारात सांगितलेले नाही, नाहीतर माझ्या तोंडून ते कधीच निघाले नसते. 'पुढच्या पोरांना सांगा' असे त्यानेच म्हटले म्हणून सांगतो. वडील कळमन्याच्या मार्केट यार्डात हमालीला. संत्र्याचा मृग बहार यार्डात येतो तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे नेमका बोर्डाच्या परीक्षेच्या दिवसांत. त्यामुळे मुलगा बारावीचे पेपर देत होता तेव्हा वडिलांच्या कामाला अंतच नव्हता. मुलाला चांगले गुण पडले. वडिलांनी अडत्याकडून उचल घेतली आणि त्याला इंजिनिअरिंगला बाहेरगावी पाठवले.

दहावीपर्यंत त्याची शाळा मराठी माध्यमाची. कॉलेजात सगळे इंग्रजीत. पहिल्याच आठवड्यात त्याने एक प्रश्न विचारला, शब्द चुकला, मागच्या बाकावरून हसू आले. त्यानंतर त्याने प्रश्न विचारला नाही. हळूहळू तो स्वतःच मागच्या बाकावर गेला, मग वर्गाबाहेर. शाळेत दोन दिवस गैरहजर राहिले की बाईंचा घरी फोन येतो. कॉलेजात बहुधा तसे होत नाही. ७५ टक्के हजेरी लागते हे त्याला ठाऊक होते, पण मोजायचे कोणी? पहिल्या सेमिस्टरला चार विषय राहिले. घरी त्याने सांगितले, निकाल अजून लागायचा आहे. दुसऱ्या सेमिस्टरला हजेरी कमी पडली म्हणून परीक्षेचा फॉर्मच भरता आला नाही. घरी सांगितले, पेपर चांगले जात आहेत. एक खोटे झाकायला दुसरे, हा क्रम तुम्हाला सांगायला नको.

पुण्यशनिवारी रात्री विधी संपल्यावर तो खुर्च्या आवरायला थांबला होता. तेथे तो मला म्हणाला, "फादर, बाबाले सांगू नका जी." मी म्हटले, सांगत नाही, पण तू सांगताना मी बाजूला बसतो. ईस्टरच्या सोमवारी आम्ही तिघे त्यांच्या ओसरीत बसलो. बाप रागावेल अशी माझी तयारी होती. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग मला म्हणाला, "नापास झाला तं झाला जी. पण इतके महिने पोरगा तिकडे एकटाच राह्यला ना."

त्या मुलाचे एक वर्ष गेले. मग त्याने राहिलेले विषय काढले. आज तो कामाला आहे आणि उचलही फिटली आहे.

आपल्या नागपूरच्या कॅथेड्रलचे आश्रयदाते संत फ्रान्सिस द सेल्स यांचे नाव तुम्ही शाळा-कॉलेजांच्या पाट्यांवर रोज वाचता. ते स्वतःही घर सोडून शिकायला गेलेले विद्यार्थी होते, हे फारसे कोणी सांगत नाही. जन्म १५६७, सव्हॉय प्रांतातला. लहान वयातच ते पॅरिसला येशूसंघीयांच्या कॉलेजात शिकायला गेले. १५८६ च्या अखेरीस, १९ व्या वर्षी, त्यांच्या मनाने घेतले की देवाने आपल्याला टाकले आहे, आपले तारण होणारच नाही. हे सुमारे सहा आठवडे चालले. जेवण जाईना, झोप येईना, अंगात त्राण उरले नाही. शेवटी एका चर्चमध्ये पवित्र मरियेच्या पुतळ्यापुढे त्यांनी गुडघे टेकले, आणि पुढे काय व्हायचे ते होवो, या जन्मी तरी देवावर प्रेम करीन, असे म्हणून उठले तेव्हा मन हलके झाले होते. पुढे ते कायदा शिकायला इटलीत पादुआला गेले. तेथे त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे फादर पोसेविनो या येशूसंघीय धर्मगुरूंना गाठले आणि आपले मन त्यांच्यापाशी मोकळे करू लागले. (मेडिकलला जाणाऱ्यांसाठी: पादुआत ते इतके आजारी पडले की वाचण्याची आशा उरली नाही, तेव्हा आपला देह वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना द्यावा असे त्यांनी सांगून ठेवले होते.)

आणि घरी? वडिलांनी वकिली, सिनेटरचे पद, स्थळ, सगळे ठरवून ठेवले होते. फ्रान्सिसना धर्मगुरू व्हायचे होते, आणि वडिलांना ते सांगण्याचा धीर त्यांना फार काळ झाला नाही. शेवटी चुलतभाऊ लुई मध्ये पडला आणि वडिलांची संमती मिळाली. १५९३ च्या डिसेंबरात त्यांना गुरुदीक्षा मिळाली. एका संताला जे एकट्याने जमले नाही, ते तुम्हाला पहिल्याच वर्षी जमावे असा हट्ट मी धरणार नाही. पण तुमचा लुई कोण, हे घर सोडण्याआधी ठरवून ठेवा. मामा असेल, मोठी ताई असेल, धर्मशिक्षणाच्या सिस्टर असतील. त्या माणसाला आजच सांगून ठेवा की मी फोन करून 'बोलायचे आहे' म्हटले तर काम बाजूला ठेवा.

संत्र्याचे कलम आपल्याकडे जंबेरीच्या खुंटावर बांधतात. पावसाळ्यात ते नर्सरीतून काढून शेतात लावतात, म्हणजे तुमची कॉलेजे सुरू होतात त्याच दिवसांत. नव्या जागी मूळ धरेपर्यंत शेतकरी त्याला काठीचा आधार देतो. काठी लावली म्हणून झाड कमजोर, असे म्हणणारा शेतकरी मी पाहिलेला नाही.

जे नागपुरातच शिकणार आहेत, त्यांनी हे आपल्यासाठी नाही असे समजू नये. २०२२ च्या डिसेंबरात पारडीच्या प्रजापती नगरपर्यंत मेट्रो आली, त्यामुळे शहराच्या पलीकडच्या टोकाचे कॉलेजही आता जवळ वाटते. पण रोज घरी जेवणारा मुलगाही वर्षभर मनाने घराबाहेर राहू शकतो.

दारू, सिगारेट, मोबाईल यांवर तुम्ही पुष्कळ ऐकले आहे, मी आज भर घालत नाही. दोन क्रमांक मात्र वहीत लिहून घ्या. १४४१६ हा सरकारच्या टेलि-मानस सेवेचा. ती २०२२ मध्ये सुरू झाली, दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत आणि मराठीतही बोलता येते. मन फार खचले, जीव नकोसा वाटला, तर याचना करतो, तेथे फोन करा, मला करा, कोणालाही करा, पण त्या रात्री एकटे राहू नका. दुसरा क्रमांक १८००-१८०-५५२२, रॅगिंगच्या तक्रारीसाठी. आपल्या राज्यात रॅगिंगविरुद्ध १९९९ पासून कायदा आहे. 'सीनियर थोडी गंमत करतात' म्हणून सोसायचे कारण नाही.

पालकांसाठी थोडे. मरियेने मंदिरात येशूला पाहिले तेव्हा तिने आधी विचारले, असे का केलेस? आम्ही किती कासावीस होऊन शोधत होतो. तिने आपले दुःख लपवले नाही, पण त्याला उत्तरही देऊ दिले. ते उत्तर दोघांनाही समजले नाही, हे शुभवर्तमान स्पष्ट सांगते. तरी तिने सर्व मनात जपून ठेवले, आणि मुलगा त्यांच्यासोबत नासरेथला घरी आला. आपल्याला मुलाचा अभ्यासक्रम समजत नाही, मेजर, मायनर, क्रेडिट हे शब्द कळत नाहीत, म्हणून संकोचू नका. टक्के विचारण्याआधी एवढेच विचारा की तुझ्या वर्गात तुझा मित्र कोण, आज सरांना काय विचारलेस. आणि मुलगा काही वाईट सांगू लागला तर 'शेजारच्याचा बघ' हे वाक्य तोंडातून निघू देऊ नका. त्या एका वाक्यानंतर पुढची पाच वर्षे मुलगा तुम्हाला फक्त चांगल्या बातम्या सांगेल.

येत्या रविवारी सकाळच्या मिस्सात कॉलेजात जाणाऱ्या सर्व मुलामुलींसाठी विशेष प्रार्थना व आशीर्वाद होईल. गुण कितीही असोत, आणि ज्यांना पुन्हा परीक्षेला बसायचे आहे त्यांनीही, पुढच्या बाकांवर बसावे. मिस्सानंतर हॉलमध्ये सिस्टर आणि कॉलेजात शिकणारे आपले तीन-चार युवक-युवती त्यांच्याशी बोलतील. ज्या मुलाची गोष्ट वर सांगितली, तोही सुट्टी मिळाली तर येणार आहे. पालकांनी तेवढा वेळ बाहेर चहा घ्यावा.