मोबदला नाही, जबाबदारी आहे

अमेरिकेच्या नेवाडा राज्यातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात दरवर्षी ऑगस्टअखेर एक शहर वसते आणि आठवड्याभरात उठते. १९८६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या बेकर बीचवर लाकडी माणसाचा पुतळा जाळण्यातून सुरू झालेला ‘बर्निंग मॅन’ हा कलामेळा १९९० पासून इथे भरतो आणि अलीकडे ७० हजारांच्या आसपास माणसे त्याला येतात. संस्थापकांपैकी एक असलेल्या लॅरी हार्वी यांनी २००४ मध्ये त्याची दहा तत्त्वे लिहून काढली. त्यातली दोन इथे महत्त्वाची आहेत: एकमेकांना विकायचे नाही, द्यायचे, आणि जाताना जमिनीवर मागमूस ठेवायचा नाही. बर्फासारखे मोजके अपवाद सोडले तर तिथे काही विकत मिळत नाही. कोणी जेवू घालतो, कोणी सायकल दुरुस्त करून देतो आणि काही छावण्यांत स्वयंसेवक शामानी, म्हणजे आदिवासी मांत्रिकांच्या पद्धतीचे, उपचार देतात, तेही एक पैसा न घेता. यातून एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. ज्या उपचारामागच्या दाव्यांची खात्री देता येत नाही, तो फुकट आणि मनापासून दिला म्हणून देण्याचा अधिकार मिळतो का? माझ्या मते मिळत नाही. हेतू शुद्ध असणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. परिणामांना उत्तर द्यायची तयारी असेल, तिथूनच अधिकार सुरू होतो.

महाराष्ट्राने या प्रश्नाची एक बाजू फार मोठी किंमत देऊन पाहिली आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी अंधश्रद्धा निर्मूलनाची चळवळ चालवणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरवला. आपल्याकडची चर्चा साहजिकच लुबाडणूक, दहशत आणि फसवणूक यांच्याभोवती फिरली. वाळवंटातल्या छावणीत यातले बहुधा काहीच नसते. पैसा नसतो, धाक नसतो, उपचार करणाऱ्याची स्वतःची श्रद्धाही खरी असते. भोंदूला ओळखण्याच्या आपल्या नेहमीच्या खुणा तिथे उपयोगी पडत नाहीत, म्हणूनच तिथला प्रश्न जास्त अवघड आहे. सगळे प्रामाणिक असतील, तर चूक कशाला म्हणायचे?

त्यासाठी प्रत्यक्ष काय घडते ते पाहायला हवे. पाश्चात्त्य देशांतला आजचा शामानी उपचार बराचसा मायकेल हार्नर या मानववंशशास्त्रज्ञाने घडवला. ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या आदिवासींमध्ये राहून आल्यावर त्याने अनेक संस्कृतींमधल्या पद्धतींचा समान गाभा वेगळा काढला आणि १९८० च्या पुस्तकातून तो कोणालाही शिकता येईल असा मांडला. त्याच्या परंपरेतल्या सँड्रा इंगरमन यांनी १९९१ मध्ये ‘हरवलेला आत्मांश परत आणण्याची’ पद्धत लोकप्रिय केली. आलेला माणूस जमिनीवर आडवा होतो, उपचारक त्याच्या शेजारी पडतो, सेकंदाला चारेक ठोक्यांच्या गतीने ढोल वाजत राहतो. काही वेळाने उपचारक उठतो, ओंजळीत काही धरल्यासारखे करून त्या माणसाच्या छातीवर आणि टाळूवर फुंकर घालतो. मग आपल्याला काय दिसले ते सांगतो: अमुक वयात तुमच्यावर आघात झाला, तेव्हा तुमच्यातला एक अंश निघून गेला, तो आता परत आला आहे. ढोल, स्पर्श आणि फुंकर हा विधी झाला. शेवटचे सांगणे मात्र निदान आहे. या दोहोंची नैतिक प्रतवारी एक नाही.

पहिला आक्षेप असा की लोकांना बरे वाटते, मग अडचण काय? बरे वाटते हे मला मान्य आहे आणि त्याला पुरावाही आहे. टेड कॅपचक आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये आतड्यांच्या आयबीएस या विकाराच्या २६२ रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना नुसते प्रतीक्षायादीवर ठेवले, काहींना सुई न टोचणारे खोटे ॲक्युपंक्चर दिले, तर काहींना तेच खोटे ॲक्युपंक्चर आस्थेने, वेळ देऊन, नीट ऐकून घेऊन दिले. पुरेसा आराम पडल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे २८, ४४ आणि ६२ टक्के होते. म्हणजे आस्थेने काम केले. पण या आकड्यांनी आत्मांशाचा सिद्धांत खरा ठरत नाही, सांगितलेले निदान तर नाहीच. उलट निदानाच्या धोक्याचा पुरावा दुसरीकडे आहे. एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या १९९५ मधल्या प्रयोगात, लहानपणी तुम्ही एका मॉलमध्ये हरवला होतात, ही खोटी हकिकत नातेवाइकांच्या हवाल्याने सांगितल्यावर सुमारे एक चतुर्थांश सहभागींना ती अंशतः किंवा पूर्णपणे ‘आठवली’. ऊन, धूळ, जागरण आणि बहुतेकदा एखादे ताजे दुःख घेऊन आलेल्या माणसाला अधिकारवाणीने बालपणातला आघात सांगितला, तर तो त्याचे काय करील? घरी जाऊन आईबापांकडे कोणत्या नजरेने पाहील? तोवर छावणी उठलेली असते.

यावर म्हणता येईल की येणारा सज्ञान असतो, स्वखुशीने येतो. पण संमती ज्याला दिली ते नंतर तपासता आले पाहिजे. पैसे घेणाऱ्या मानसोपचारकाला परवाना असतो, त्याच्याविरुद्ध तक्रार करता येते, पुढच्या आठवड्यात त्याच्याकडे परत जाता येते. मोबदला नाकारण्यात औदार्य आहे, पण मोबदल्याबरोबर येणारी ही बंधनेही गळून पडतात. गीतेच्या सतराव्या अध्यायातला विचार इथे नेमका लागू पडतो. परतफेडीची अपेक्षा नसणे ही सात्त्विक दानाची एक अट आहे; देश, काळ आणि पात्र पाहणे ही तितकीच मोठी दुसरी अट आहे. निरपेक्षतेने दुसरी अट माफ होत नाही.

मूळ शामानी परंपरांनाही हे ठाऊक होते. सायबेरियातल्या एव्हेंकी लोकांचा शामान आपल्याच कुळात जगे. आजार आणि दीर्घ उमेदवारी यांतून गेल्यावर समाज त्याला मान्यता देई, आणि ज्याच्यावर उपचार केला त्याच्या शेजारीच त्याला पुढचा हिवाळा काढावा लागे. उपचार फसला तर ते साऱ्यांना कळे. हार्नरने गाभा म्हणून तंत्र उचलले, नाते मागे राहिले. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या लाकोटा या मूलनिवासी लोकांच्या प्रतिनिधींनी आपल्या विधींची उचलेगिरी करणाऱ्यांविरुद्ध युद्धाचा जाहीरनामा काढला. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. जो विधी एका समाजाने जबाबदारीसकट सांभाळला, तो जबाबदारी वगळून वाटला जात होता.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे: दावा काढून घेतला तर विधीची ताकदच जाईल. पण कॅपचक यांच्याच २०१० च्या अभ्यासात ८० रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांना गोळीत औषध नाही हे स्पष्ट सांगून ती दिली. तरीही त्यांच्यातल्या ५९ टक्क्यांना पुरेसा आराम पडला. गोळी न मिळालेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होते. आणि खुद्द बर्निंग मॅनमध्येच याहून बोलका दाखला आहे. शिल्पकार डेव्हिड बेस्ट यांनी २००० साली तिथे पहिले लाकडी मंदिर उभारले आणि मग ती प्रथाच पडली. त्याला पुजारी नाही, सिद्धांत नाही. लोक गेलेल्यांची नावे आणि निरोप लाकडावर लिहितात, फोटो ठेवतात, रडतात. शेवटी सगळे मंदिर शांततेत जाळले जाते. तिथे कोणी कोणाला त्याच्या दुःखाचे कारण सांगत नाही, तरी दुःख हलके होते.

मेळा संपल्यावर स्वयंसेवक ओळीने चालत पिसे, टिकल्या, थोटके वेचतात, कारण सरकारी भूव्यवस्थापन खाते तपासणी करते आणि एकरी सरासरी एक चौरस फुटापेक्षा जास्त कचरा चालवून घेत नाही. जमिनीची एवढी काळजी घेणाऱ्या समाजाने मनाचीही तेवढीच घ्यावी, ही अपेक्षा रास्त आहे. स्वयंसेवकाने सावली द्यावी, पाणी द्यावे, ढोल वाजवावा, तासभर ऐकत बसावे. आधीच सांगावे की हा विधी आहे आणि अर्थ ज्याचा त्याने लावायचा आहे. औषधे बंद करायला सांगू नये, भूतकाळाचे निदान करू नये, आणि माणूस ढासळताना दिसला तर त्याला मेळ्यातल्या मदतनीस रेंजरकडे किंवा वैद्यकीय पथकाकडे स्वतः घेऊन जावे. यात श्रद्धेचा अवमान नाही. आत्म्याविषयी कोणाला काय वाटावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. दुसऱ्याच्या आयुष्याविषयी आपण काय विधान करतो, हा मात्र दोघांचा प्रश्न आहे. उद्या ज्याचा जाब देता येणार नाही ते विधान आज न करणे, ही उपचार देणाऱ्याची पहिली साधना असली पाहिजे.