सरासरीच्या आड कोण उभे आहे?



डब्लिन, कॉर्क, गॉलवे इथल्या विद्यापीठांत संशोधकांच्या जागा निघतात, त्यांत अलीकडे एक विषय वारंवार दिसतो: वैद्यकीय चित्रांसाठी मशीन लर्निंग. एक्स-रे, एमआरआय, मॅमोग्राम, त्वचेवरच्या डागांचे फोटो संगणकाला हजारोंनी दाखवायचे आणि त्याला रोग ओळखायला शिकवायचे. आपल्या मुलामुलींपैकी कोणाला अशी जागा मिळाली तर घरात पेढे वाटले जातील, आणि वाटावेतच. पण या कामात एक प्रश्न दडलेला आहे, तो मुलाखतीत कोणी विचारत नाही. खरी पण अर्धी गोष्ट सांगितली, तर ते खोटे बोलणे होते का?

उदाहरण घेऊ. समजा, यंत्राची परीक्षा त्वचेच्या हजार चित्रांवर घेतली. त्यांत ९५० गोऱ्या त्वचेची, ५० सावळ्या-काळ्या. पहिल्यांत ९३१ उत्तरे बरोबर, दुसऱ्यांत फक्त ३०. एकूण ९६१. निबंधात छापले जाते: अचूकता शेकडा ९६. हा आकडा खरा आहे. पण तुमच्या-माझ्या रंगाच्या माणसाला त्या यंत्राने तपासले तर पाचातले दोन निकाल चुकतील, हेही तितकेच खरे आहे, आणि ते त्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

आकडे मी कल्पनेने घेतले, पण दुखणे कल्पनेतले नाही. त्वचेच्या चित्रांच्या मोठ्या सार्वजनिक संग्रहांत सावळी त्वचा फार थोडी आहे. छातीच्या एक्स-रेवर शिकवलेली यंत्रे स्त्रिया, कृष्णवर्णीय आणि गरिबांच्या सरकारी विम्यावरचे रुग्ण यांना आजार असताना 'निरोगी' म्हणून जास्त वेळा सोडून देतात, हे अमेरिकेतल्या संग्रहांवर केलेल्या अभ्यासात २०२१ मध्ये दिसून आले. उपचार ज्यांना आधीच उशिरा मिळतो, तेच पुन्हा मागे राहतात. आपल्याला ही गोष्ट नवी वाटू नये. १९३२ मध्ये लोथियन समितीपुढे काही प्रांतांतून अस्पृश्यांची संख्या अगदी थोडी दाखवण्यात आली, तेव्हा समितीचे सदस्य असलेल्या बाबासाहेबांनी आपले वेगळे मत लेखी नोंदवले. एकूण बेरजेत माणूस कसा नाहीसा करता येतो, हे त्यांना नेमके ठाऊक होते.

आता शीलाकडे येऊ. पंचशीलातले चौथे शील असत्य वचनापासून दूर राहायला सांगते. त्यावर कोणी म्हणेल, मी असत्य वचन केलेच नाही, मी फक्त गप्प राहिलो. हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. तो किती टिकतो, हे आयर्लंडने स्वतः पाहिले आहे.

इथे २००८ पासून 'सर्व्हायकल चेक' ही गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची राष्ट्रीय तपासणी चालते. लिमरिकच्या विकी फेलन यांच्या २०११ च्या तपासणीत काही दोष निघाला नाही. २०१४ मध्ये कॅन्सर निघाला. मग जुनी काचपट्टी पुन्हा पाहिली गेली आणि पहिला निकाल चुकल्याचे आतल्या लोकांना कळले. विकी फेलन यांना ते कळले २०१७ मध्ये. एप्रिल २०१८ मध्ये डब्लिनच्या उच्च न्यायालयात तडजोड झाली, पण तोंड बंद ठेवण्याच्या अटीवर सही करायला त्यांनी नकार दिला. त्यामुळेच बाकीचे बाहेर आले: २२१ बायकांच्या फेरतपासणीचा निकाल पहिल्यापेक्षा वेगळा होता आणि बहुतेकींना तो कोणी सांगितलाच नव्हता. काहीजणी तोवर वारल्याही होत्या. विकी फेलन १४ नोव्हेंबर २०२२ रोजी गेल्या.

काचपट्टी वाचताना चूक होऊ शकते. अशी कोणतीही तपासणी सगळे रुग्ण पकडत नाही, हे इथल्या लोकांनाही समजत होते. देश पेटला तो माहीत असून न सांगितल्यामुळे. कदाचित एकही खोटे वाक्य कोणी उच्चारले नसेल. पण ज्या बाईने त्या निकालावर विसंबून आपले शरीर सोपवले, तिच्यापुरते ते मौन म्हणजे 'तू ठीक आहेस' हेच वाक्य होते. माझ्या मते इथे शील मोडते. दुसरा आपल्या शब्दावर विसंबून आहे हे ठाऊक असताना आपण जे गाळतो, तेही आपले बोलणेच असते.

२०२३ च्या कायद्याने ठरावीक गंभीर घटना रुग्णाला सांगणे इथल्या आरोग्यसेवांवर बंधनकारक झाले. पण संगणकापुढे बसून निकालाचा तक्ता करणाऱ्या संशोधकाला तो कायदा गाठत नाही. शिवाय त्याची अडचणही खरी आहे. करार दोन वर्षांचा, 'होस्टिंग अॅग्रीमेंट'वर देशात राहण्याची परवानगी, गावाकडे पैसे पाठवायचे. प्राध्यापक म्हणतात, ती ओळ नंतरच्या निबंधात घालू. अशा मुलाला परदेशात बसून शौर्याचे धडे देणे सोपे आहे, मला ते द्यायचे नाहीत.

दुसरी बाजूही आहे. उणिवा मोजत बसलो तर उपयोगी यंत्र वापरात यायला उशीर होईल, आणि जिथे एक्स-रे वाचायला डॉक्टरच नाही तिथे अपुरे यंत्रही जीव वाचवते. हे मान्य. पण उणीव सांगणे म्हणजे यंत्र थांबवणे नव्हे. कोणाच्या बाबतीत डॉक्टरने स्वतः पुन्हा पाहावे, एवढेच त्यातून कळते.

मज्झिम निकायात अभय राजकुमाराची कथा आहे. राजकुमाराच्या मांडीवर तान्हे बाळ होते. त्याने खडा तोंडात घातला तर काय करशील, असे भगवंतांनी विचारले. राजकुमार म्हणाला, रक्त आले तरी बोट घालून काढीन, कारण मला त्याची दया येते. सत्य आणि हितकर असेल तर अप्रिय बोलणेही तथागत योग्य वेळ पाहून बोलतात, असे पुढे येते. योग्य वेळ कोणती, एवढाच वाद उरतो. यंत्राच्या बाबतीत ती वेळ दवाखान्यात ते बसवण्याआधीची आहे.

तेव्हा अशा जागेसाठी मुलाखतीला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी पगार आणि रजा विचाराव्यातच. सोबत हेही विचारावे: तुमच्या चित्रांत कोणकोण आहे, आणि निकाल गटवार छापता का? आणि तक्ता स्वतःच्या हाताने करायची वेळ आली, की एकूण शेकडा ९६ च्या खाली ती पन्नास जणांची ओळही लिहावी: ५० पैकी ३०.